तसबिरीतील ती माऊली कोण?

नोव्हेंबर महिना उजाडला म्हणजे आपल्या गावोगावच्या दफनभूमीत गवत काढले जाते, क्रुसांना चुना लागतो, आणि २ तारखेच्या संध्याकाळी थडग्याथडग्यावर मेणबत्त्या पेटतात. घरातील वडीलधारी माणसे एका कागदावर आपल्या मृतांची नावे लिहून तो कागद चर्चमध्ये नेऊन देतात. आई, बाप, आजा, आजी इतकी नावे सहज लिहून होतात. त्यापुढे मात्र लेखणी अडखळते. आजोबांच्या आईचे नाव काय? त्यांच्या थोरल्या भावाचे? घरात कोणालाच ठाऊक नसते. मग 'आमच्या घराण्यातील सर्व मृत' असे मोघम लिहून आपण कागदाची घडी घालतो.

आणि गंमत अशी की, ज्यांची नावे आठवत नाहीत त्यांचे चेहरे पुष्कळदा आपल्यासमोर भिंतीवरच टांगलेले असतात. येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्राशेजारी, धुराने पिवळ्या पडलेल्या काचेमागून, ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे पाहत असतात. आपण त्यांच्या देखत जपमाळ म्हणतो, जेवतो, भांडतो, लग्ने जुळवतो. तुम्ही कोण, असे मात्र त्यांना कधी विचारीत नाही.

अशाच एका तसबिरीची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती आमच्याच घरातील आहे. घरची गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु ती वाचून दोन-चार घरांतील तसबिरी जरी भिंतीवरून खाली उतरल्या, तरी ती सांगितल्याचे सार्थक होईल, असे वाटल्यावरून लिहावयास बसलो.

वसईकडील आमच्या जुन्या घराच्या ओटीवर ही तसबीर आम्ही जन्मापासून पाहत आलो. कोट घातलेला एक तरुण उभा आहे. त्याच्या बाजूस कोरीव खुर्चीवर एक तरुण स्त्री बसली आहे आणि तिच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचे मूल आहे. मूल किंचित हलले असावे, कारण त्याचा एक हात धुरकट उमटला आहे. मागे रंगविलेला पडदा, त्यावर खांब आणि वेली. उभा तरुण म्हणजे आमचे पणजोबा, मूल म्हणजे आमचे आजोबा, आणि बसलेली स्त्री म्हणजे अर्थातच पणजी, असे आम्ही सर्व जण समजत होतो. कोणी तसे सांगितले नव्हते आणि कोणी तसे नव्हे असेही म्हटले नव्हते.

काही वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती निघाली तेव्हा चौकट उतरवून मागची फळी काढली. चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले होते. पुठ्ठ्याच्या तळाशी चित्रशाळेचे नाव छापलेले होते, पण ते पार पुसट झाले होते. एकच शब्द स्पष्ट वाचता आला, तो म्हणजे 'इंदूर'. घरातील सर्वांनाच नवल वाटले. पणजोबा तरुणपणी रेल्वेत होते हे आम्ही ऐकले होते. परंतु पणजीविषयी सर्व गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती माऊली उभ्या आयुष्यात मुंबईपलीकडे कधी गेली नव्हती. मग ती इंदुरास जाऊन खुर्चीवर बसली केव्हा?

पणजोबा इंदुरास कसे गेले, हे प्रथम शोधले. इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांचा दरबार तेथे स्थिरावला, इंग्रजांची रेसिडेन्सीही तेथेच आली आणि जवळच महू येथे लष्कराची छावणी पडली. दरबार मराठी असल्यामुळे कारकून, शिक्षक, शिपाई, वैद्य अशी शेकडो मराठी कुटुंबे माळव्यात जाऊन राहिली. आजही इंदुरात मराठी घरे, मराठी शाळा आणि मराठी ग्रंथालये आहेत. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला, तोही त्यांचे वडील तेथील लष्करी शाळेत शिक्षक होते म्हणून. पुढे आगगाडी आली. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी आपल्या शहरापर्यंत गाडी यावी म्हणून एक कोट रुपयांचे कर्ज दिले आणि १८७० नंतरच्या दशकात खांडव्याहून नर्मदा ओलांडून रूळ इंदुरास पोहोचले. १८८५ पासून माळव्यातील त्या गाडीचा कारभार बी.बी.सी.आय. कंपनीकडे आला. वसईवरून जाणारी गाडीही याच कंपनीची. आजची पश्चिम रेल्वे ती हीच. तेव्हा वसईचा पोरगा कंपनीच्या नोकरीत शिरला आणि बदली होऊन माळव्यात जाऊन पडला, यात आश्चर्य ते कसले?

आता छायाचित्राविषयी. हिंदुस्थानातील छायाचित्रणाच्या इतिहासात इंदुराचे स्थान मोठे आहे, हे आम्हांस या शोधातच कळले. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना येथील एका जैन कुटुंबात झाला. सरधना हे नाव आपणांस परके नाही. बेगम समरूने बांधविलेले मरियामातेचे भव्य मंदिर तेथेच आहे आणि १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यास बसिलिकेचा मान दिला. दीनदयाळ रुडकीच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकले आणि १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौसेने कॅमेरा हाती घेतला. महाराज तुकोजीराव आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांस उत्तेजन दिले. हौसेचा धंदा झाला, इंदुरास चित्रशाळा निघाली आणि मग सिकंदराबाद व मुंबई येथेही शाखा उघडल्या. हैदराबादेत तर पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी निराळी चित्रशाळा काढली व तिच्यावर एक इंग्रज बाई नेमली. निजामाने त्यांस 'राजा' हा किताब दिला. १९०५ साली ते वारले. त्यांच्या चित्रशाळेच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली विकत घेऊन जतन केल्या आहेत.

आमची तसबीर अर्थातच दीनदयाळांच्या हातची नव्हे, ती त्यांच्या मागून बारा-तेरा वर्षांनी काढलेली आहे. परंतु राजेरजवाड्यांसाठी आलेली ही कला तोवर बाजारपेठेत उतरली होती आणि आगगाडीच्या नोकरालाही महिन्याच्या पगारातून दोन रुपये बाजूला काढून बायकोमुलाची तसबीर काढविता येत होती. ती काढून घेण्यामागे बहुधा एकच हेतू असे. दूर गावी राहिलेल्या आईबापांना नातवाचे तोंड दिसावे.

जुनी तसबीर पुष्कळ काही सांगते. पुठ्ठ्यावरील गाव सांगते, पुठ्ठ्याच्या आकारावरून आणि कागदावरून काळाचा अंदाज बांधता येतो. प्रारंभीची चित्रे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उतरवीत, ती पिवळसर तपकिरी दिसतात. पुढच्या काळातील कागदाच्या कडांना काळ्या भागांवर रुपेरी झाक येते. माणसे हसत नाहीत म्हणून ती दुःखी होती असे समजू नये. जुन्या कॅमेऱ्यापुढे कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे, आणि पुढे कॅमेरा चपळ झाला तरी गंभीर बसण्याची रीत राहिलीच. तसेच कोरीव खुर्ची, टेबलावरील पुस्तक, कधी कधी खिशातील घड्याळाची साखळीदेखील चित्रशाळेच्या मालकीची असे. त्यावरून आपले पूर्वज श्रीमंत होते असा गर्व वाहू नये. लुगडे नेसण्याची पद्धत, कपाळ, कान आणि गळा मात्र नीट पाहावा. ते माणसाचे स्वतःचे असते.

परंतु एक गोष्ट तसबीर कधीच सांगत नाही, ती म्हणजे नाव.

आणि नाव नसले म्हणजे माणसाचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर जुने संग्रह उघडावेत. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. खाली लिहिले आहे ते बहुतेक ठिकाणी जातीचे अगर जमातीचे नाव. त्या पुरुषाला आईने कोणत्या नावाने हाक मारली, त्या बाईला किती लेकरे होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. राजांचे तसे नसते. इंदूरचे यशवंतराव होळकर आणि त्यांची राणी संयोगिताबाई यांची छायाचित्रे मॅन रे या प्रसिद्ध कलावंताने युरोपात काढली, आणि ती आजही नावानिशी जगभर पाहिली जातात. राजाच्या मागे चवरी घेऊन उभा असलेला माणूसही छायाचित्रात राजाइतकाच स्पष्ट उमटतो. त्याचे नाव मात्र शोधून सापडत नाही.

साता समुद्रांपलीकडील एका ख्रिस्ती समाजाला हेच दुःख आपल्याहून अधिक भोगावे लागले आहे. कॅनडा देशात माँट्रिअल शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीच्या काठी काह्‌नावाके नावाचे गाव आहे. तेथे मोहॉक नावाचे आदिवासी लोक राहतात. संत कातेरी तेकाक्विथा ही त्यांचीच कन्या. १६५६ साली ती जन्मली. चौथ्या वर्षी देवीच्या साथीत आईबाप गेले आणि तिचा चेहरा व्रणांनी भरला. १६७६ च्या ईस्टरला तिचा स्नानसंस्कार झाला आणि १७ एप्रिल १६८० रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी ती देवाघरी गेली. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद दिले. तिच्या काळी छायाचित्र कोठले? तिला ओळखणारे एक येशूसंघीय धर्मगुरू, फादर शोशतिएर, यांनी ती गेल्यावर तिचे चित्र रंगविले, म्हणून तिचे रूप आज आपणांस ठाऊक आहे. तिचे अवशेष तेथील चर्चमध्ये आहेत, आणि ते चर्च संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे आहे, हे वाचून आपल्याकडील भाविकांस आनंदच वाटेल.

या मोहॉक लोकांत घराणे आईकडून चालते. अस्वल, लांडगा, कासव अशी त्यांची कुळे असून मुलाचे कूळ तेच जे आईचे. म्हणजे आईचे नाव हरवले की कूळच हरवले. त्यांची असंख्य छायाचित्रे गेल्या शतकात गोऱ्या छायाचित्रकारांनी काढली आणि त्यांखाली 'एक मोहॉक स्त्री' एवढेच लिहिले. आज त्यांचे नातू-पणतू ती चित्रे हाती घेऊन म्हाताऱ्यांकडे जातात आणि ही कोण म्हणून विचारतात. तेथील पुरुष उंच पुलांचे आणि इमारतींचे लोखंडकाम करण्यात फार निष्णात. २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला, त्यात या एका गावचे ३३ पुरुष दगावले. त्यांच्या दफनभूमीत लोखंडी तुळयांचे क्रूस उभारलेले आहेत. त्या ३३ जणांची नावे गावाला ठाऊक आहेत, कारण ती लिहिलेली आहेत. याउलट न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतीच्या तुळईवर बसून भाकरी खाणाऱ्या अकरा कामगारांचे १९३२ सालचे छायाचित्र पाहा. साऱ्या जगाने ते पाहिले आहे, परंतु त्या अकरांपैकी बहुतेकांची नावे आजवर निश्चित झालेली नाहीत. आयर्लंड, स्लोव्हाकिया आणि मोहॉक गावे येथील कित्येक घरे 'हा आमचा' म्हणून एकाच चेहऱ्यावर बोट ठेवतात. छायाचित्र जगप्रसिद्ध, आणि माणूस मात्र बेवारस!

पूर्वजांच्या शोधात निघालेल्या त्या लोकांना शेवटी आधार सापडतो तो चर्चच्या नोंदवहीचा. आम्हीही तीच वाट धरली.

नोंदवही ही आपल्या धर्मसभेने जपलेली मोठीच ठेव आहे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची आणि स्नानसंस्कारांची नोंद ठेवण्याचा नियम घालून दिला. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी राजे आणि सरदार यांच्याच वंशावळी लिहिल्या जात. या नियमामुळे कोळ्याचे, कुणब्याचे, मोलकरणीचे मूलदेखील बापाच्या आणि आईच्या नावासह वहीत चढू लागले. शिवाय १९०८ सालापासून आणखी एक सोय झाली. माणसाचा विवाह कोठेही होवो, त्याची नोंद त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात केली जाते. त्यामुळे एक धागा हाती आला की दुसरा सापडतो.

आमच्या गावच्या धर्मगुरूंनी आमची विनंती ऐकून घेतली आणि एका दुपारी स्वतःच्या हातांनी जुन्या वह्या उघडल्या. प्रथम आजोबांचा स्नानसंस्कार शोधला. घरच्या हिशेबाने त्यांचा जन्म १९१७ चा. १९१६, १७, १८, तिन्ही सालांची पाने झाली. आजोबांचे नाव नाही! मग पणजोबांचा विवाह शोधला. तो सापडला १९२० सालचा. मूल १९१७ चे आणि लग्न १९२० चे, हे पाहून आमच्या मनात नाही नाही त्या शंका आल्या, त्या येथे कबूल करतो. फादरांनी शांतपणे वराच्या नावापुढील एका लॅटिन शब्दावर बोट ठेवले. शब्द होता 'विदुउस'. त्याचा अर्थ विधुर.

म्हणजे १९२० पूर्वी पणजोबांची एक पत्नी होती आणि ती वारली होती. पुढे आजोबांच्या स्वतःच्या विवाहाची नोंद काढली. तेथे वराचा स्नानसंस्कार माळव्यात झाल्याचे लिहिले होते. वराच्या आईचे नावही लिहिलेले असावे, परंतु नेमक्या त्याच जागी कसरीने भोक पाडले होते.

घरी आलो, तसबीर घेतली आणि आजोबांच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. १९२० च्या लग्नातून झालेल्या मुलांपैकी ती एकच तेव्हा हयात होती. वय नव्वदीपुढे. डोळ्यांनी अंधुक दिसे, परंतु स्मरण साफ होते. तसबीर उजेडाकडे धरून आम्ही विचारले,

"आजी, ही आपली पणजीच ना गं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ही माझी आई नव्हे. ही इंदूरची. दादाची आई."

"मग इतकी वर्षे कोणी सांगितले कसे नाही?"

"कोण सांगणार? माझ्या आईने घरात सांगून ठेवलं होतं. या लेकराच्या कानी सावत्र हा शब्द पडता कामा नये, म्हणून. बाबांनी तो शब्द पाळला. दादा दीड वर्षाचा होता, बाबा त्याला खांद्यावर घालून गाडीने घेऊन आले. तापाची साथ होती. ती तीन दिवसांत गेली म्हणे."

आम्ही तिला विचारले की मग ही तसबीर भिंतीवर राहिली कशी? म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले.

"आईनेच लावली. रोज सकाळी पदराने पुसायची ती माझी आईच. आणि मेलेल्यांच्या दिवशी ओट्यावर दोन मेणबत्त्या जास्त लावायची. एक तिच्या बापाची, ते आम्हांला माहीत होतं. दुसरी कुणाची, ते आम्ही कधी विचारलं नाही. लहान होतो ना!"

तिला त्या इंदूरच्या माऊलीचे नाव ठाऊक नव्हते. घरात ते कधी उच्चारलेच गेले नव्हते.

१९१८ ची ती साथ म्हणजे इन्फ्लुएन्झाची. त्या एका वर्षात आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. आगगाडीच्या वाटेने ती साथ गावोगाव पसरली, आणि आगगाडीच्या चाळींत ती प्रथम शिरली यात नवल नाही.

आता एकच उपाय उरला होता. माळव्यातील ज्या धर्मग्रामाचे नाव आजोबांच्या नोंदीत होते, तेथील धर्मगुरूंना आम्ही पत्र लिहिले. आज इंदूर हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. एस.व्ही.डी. संघाचे धर्मगुरू तेथे १९३२ साली आले, १९३५ साली निराळा प्रांत झाला आणि १५ सप्टेंबर १९५२ रोजी त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी तो मुलूख अजमेरच्या धर्मप्रांतात होता. अशा फेरबदलांत वह्या राहिल्या असतील की नाही, याची आम्हांस धास्ती होती. सिस्टर राणी मारिया यांनी गोरगरिबांसाठी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी रक्त सांडले, ते याच धर्मप्रांतात. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांस धन्य म्हणून घोषित करण्यात आले. पत्र पेटीत टाकताना आम्ही त्यांच्या मध्यस्थीची याचना केली.

दीड महिन्याने उत्तर आले. त्या सत्पुरुष धर्मगुरूंनी तीन नोंदी स्वहस्ते उतरवून पाठविल्या होत्या. पहिली १९१६ सालची, विवाहाची. वधूचा बापही रेल्वेतच, मूळचा साष्टीतील. दुसरी १९१७ सालची, आजोबांच्या स्नानसंस्काराची. तिसरी ऑक्टोबर १९१८ ची, दफनाची. वय वर्षे २२. तिन्ही ठिकाणी एकच नाव, ठळक अक्षरांत.

ते नाव आम्ही येथे छापीत नाही. शंभर वर्षे ज्या माऊलीला कोणी नावाने हाक मारली नाही, तिचे नाव प्रथम वर्तमानपत्रात यावे हे आम्हांस बरे वाटले नाही. ते प्रथम वेदीपुढे जावे. आम्ही धावत आजीकडे गेलो आणि तिला ते नाव वाचून दाखविले. तिने ते दोनदा उच्चारले, कपाळावर क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, "आता दोघींची नावं एका ओळीत लिहा. माझ्या आईला ते आवडेल." पुढच्या पावसाळ्यात आजीही गेली. आम्ही वर्षभर आळस केला असता तर तसबीर भिंतीवरच राहिली असती आणि तिच्यातील माऊली कायमची मुकी झाली असती.

आमच्या नात्यातील एक-दोघांनी विचारले की, गाडलेले उकरून काढण्यात काय हशील? पणजीने जो शब्द मोडू नये म्हणून सांगितले तो आपण मोडला नाही काय? हा प्रश्न हलका नव्हे. परंतु आम्हांस असे वाटते की, पणजीने तोंड बंद ठेवले ते एका आईविना लेकराच्या मायेपोटी. ते लेकरू म्हातारे होऊन सुखाने देवाघरी गेले, तिचा हेतू पूर्ण झाला. आणि तिने तोंड बंद ठेवले तरी मेणबत्ती कधी बंद केली नाही. दुसरीचे नाव लिहिल्याने पहिलीचे पुसले जात नाही. उलट आज आम्हांस कळते की आम्हांला एक नव्हे, दोन पणज्या होत्या. एकीने जन्म दिला आणि दुसरीने त्या जन्माचे सोने केले.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ कशाने होतो, ते आठवावे. दरवर्षी १७ डिसेंबरला ती लांबलचक वंशावळ वाचली जाते आणि आपण काहीसे कंटाळतो. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग. पण पुरुषांच्या त्या मालिकेत मरियामातेखेरीज आणखी चार स्त्रियांचा उल्लेख आहे. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी. त्यांच्या कथा काही सरळ नाहीत. तरीही पवित्र आत्म्याने त्या वगळू दिल्या नाहीत. प्रभूच्या घराण्यात जर कोणाला लपविले नाही, तर आपल्या घराण्यात आपण का लपवावे?

म्हणून वाचकांस हात जोडून चार गोष्टी सुचवितो. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ निवांत वेळी बसा. एका वेळी एकच तसबीर त्याच्या हाती द्या आणि त्याला बोलू द्या, मध्ये तोडू नका. जे सांगितले ते त्याच दिवशी वहीत लिहा. कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. खात्री नसेल तेथे 'अंदाजाने' असा शब्द घाला. तसबिरीच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने नावे लिहा. शाईचे पेन वापरू नका, ती शाई पुढे उमटते. तसबीर ओल्या फडक्याने पुसू नका, तिला चिकटपट्टी लावू नका आणि प्लास्टिकमध्ये कायमची बंदही करू नका. चुलीच्या धुरापासून आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती दूर ठेवा. आजकाल प्रत्येक घरी फोन आहे. त्यावर तसबिरीची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंची प्रत घेऊन भावंडांस पाठवा, म्हणजे एक घर जळाले अगर बुडाले तरी चेहरा राहील. चर्चची वही पाहावयाची असेल तर धर्मगुरूंची सवड विचारून जा. त्या वहीत इतरांच्याही घरच्या गोष्टी असतात, म्हणून पाने आपण उलटू नयेत, त्यांसच उलटू द्यावीत.

आमच्या ओटीवरची तसबीर आता पुन्हा तिच्या जागी आहे. तिच्या पाठीवर तीन नावे आणि तीन साले लिहिली आहेत. शेजारी पणजीच्या म्हातारपणीचे एक लहानसे छायाचित्र लावले आहे. इंदूरला त्या माऊलीचे थडगे मात्र सापडले नाही. साथीच्या दिवसांत पुरलेल्या कित्येकांवर दगड बसविला गेला नाही. तेव्हा तिची मेणबत्ती आम्ही पणजीच्याच थडग्यावर लावतो. जेथे ती इतकी वर्षे लागत आली, तीच तिची जागा होय.

या महिन्यात मृतांच्या नावांचा कागद लिहावयास बसाल तेव्हा क्षणभर भिंतीकडे पाहा. तेथून कोणीतरी आपल्या नावाची वाट पाहत असेल.